गिटार, विद्युत् : जुन्या नमुन्यांवरील घडण

गिटार, विद्युत् : जुन्या नमुन्यांवरील घडण. विद्युत् गिटारीचे जे मूळ घाट सु. १९५० ते १९६५ या काळात अमेरिकेत निश्चित झाले, त्यांच्यावरून एकेका वादकाच्या मागणीप्रमाणे मुख्यतः हाताने तयार केलेली वाद्ये या प्रकारात मोडतात. मोठ्या कारखान्यांच्या खास विभागांतून, तसेच एकट्यादुकट्या कारागिरांच्या कर्मशाळांतून ती तयार होतात. जुन्या वाद्याची मापे, लाकूड, तारांखालील चुंबकीय साधन, रोगण, फार काय त्याची झीजसुद्धा नव्या वाद्यात उतरविण्याचा प्रयत्न केलेला असतो. या घडणीचे एक वैशिष्ट्य प्रारंभीच नमूद करावयास हवे. ज्या मूळ वाद्यांना आज अभिजात मानले जाते, ती स्वतः हस्तकलेचे नमुने म्हणून जन्मास आली नव्हती. झटपट, स्वस्त व दुरुस्तीस सोपे असे वाद्य बाजारात आणणे हा त्यांच्या बहुतेक कर्त्यांचा हेतू होता. त्यावेळी सोय म्हणून घेतलेले निर्णय आजचे कारागीर अपार कष्टाने जसेच्या तसे पुन्हा घडवितात.

कार्यपद्धती : साध्या गिटारीत तारांचे कंपन घोडीतून लाकडी पेटीत उतरते, तेथे घुमते आणि तेथूनच श्रोत्यापर्यंत पोहोचते. विद्युत् गिटारीत पेटीचे हे काम विवर्धक व ध्वनिक्षेपक यांच्याकडे गेलेले असते. पोलादी तारांच्या खाली चुंबक व त्यांभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवितात. या साधनाला पिकअप म्हणतात. चुंबकामुळे वरची तारही थोडी चुंबकित होते. ती छेडली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय स्रोत कमीजास्त होतो व विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाने वेटोळ्यात तारेच्याच कंप्रतेचा क्षीण विद्युत् दाब निर्माण होतो. विवर्धक तो अनेक पटींनी वाढवितो. अशा वाद्याला पितळी किंवा आतड्याच्या तारा चालत नाहीत, याचे कारण यातच आहे.

पिकअपसाठी सु. ०·०६ मिमी. व्यासाची, म्हणजे केसासारखी बारीक तार वापरतात. तिचे सु. ८,००० फेरे एका वेटोळ्यात असतात. फेरे वाढविले की आवाज जोरकस होतो, पण त्याची वरच्या पट्टीतील तकाकी कमी होते. एकेरी वेटोळ्याचा दोष असा, की ते आसपासच्या विजेच्या तारांतील प्रत्यावर्ती प्रवाहही टिपते. त्यामुळे भारतात ५० हर्ट्‌झ व अमेरिकेत ६० हर्ट्‌झ कंप्रतेची आणि तिच्या पटींची घरघर ऐकू येते. गिब्सन कंपनीचे अभियंता सेथ लव्हर (१९१०–९७) यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळी शेजारीशेजारी, उलट दिशांनी जोडून व त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट ठेवून हा दोष काढला. अशा मांडणीत बाहेरची घरघर एकमेकींना छेदून नाहीशी होते, तारांचा संकेत मात्र एकमेकांत मिळून वाढतो. याचे एकस्व कंपनीला १९५९ मध्ये मिळाले.

पडद्यांच्या बाबतीत मराठी वाचकाला सतारीशी तुलना उपयोगी पडेल. सतारीचे पडदे दांडीला बांधलेले असतात व रागानुसार ते सरकविता येतात. गिटारीचे पडदे पट्टीत खाच पाडून कायमचे ठोकलेले असतात. म्हणून मापातील चूक पुढे सुधारता येत नाही. सप्तकाचे बारा समान भाग पाडण्यासाठी प्रत्येक पडदा घोडीपर्यंतच्या उरलेल्या लांबीच्या १७·८१७ व्या हिश्शाइतका पुढे घेतात. तारेची लांबी ६४८ मिमी. असल्यास पहिला पडदा सु. ३६·४ मिमी. वर येतो, बारावा बरोबर मध्यावर. जुन्या नमुन्यांवर काम करणारा कारागीर सर्वप्रथम ही लांबी ठरवितो. फेंडर घाटात ती ६४८ मिमी. आहे, गिब्सन घाटात सु. २० मिमी. नी कमी. तेवढ्या फरकाने तारांचा ताण बदलतो आणि बोटांना वाद्य वेगळे लागते.

मूळ घाट : विद्युत् गिटारीचा पहिला यशस्वी नमुना उभ्याने वाजवावयाचा नव्हताच. जॉर्ज बोशँप (१८९९–१९४१) यांच्या कल्पनेवरून रिकनबॅकर कंपनीने १९३२ मध्ये विक्रीस आणलेली ॲल्युमिनियमची गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी फिरवून वाजवीत. तिच्या आकारावरून तिला तळणीचा तवा असे टोपणनाव पडले. हवाई बेटांतील या वादनशैलीची त्या वेळी अमेरिकेत चलती होती. पुढे गिब्सनने १९३६ मध्ये पोकळ पेटीची विद्युत् गिटार काढली व चार्ली क्रिश्चन (१९१६–४२) या जॅझ वादकाने तिला वाद्यवृंदात स्वतंत्र गायकाचे स्थान मिळवून दिले. पोकळ पेटीला मोठ्या आवाजात एक अडचण येई. ध्वनिक्षेपकाचा आवाज पेटीला पुन्हा कंपित करी व वाद्य किंचाळू लागे. त्यावर भरीव लाकडाचे धड हा उपाय लेस पॉल (१९१५–२००९) यांच्यासह अनेकांनी निरनिराळ्या प्रकारे करून पाहिला.

बाजारात तो रुजविला लिओ फेंडर (१९०९–९१) यांनी. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे त्यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते आणि ते स्वतः गिटार वाजवीत नसत. त्यांच्या वाद्यावर दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीची छाप स्पष्ट दिसते. धड म्हणजे ॲश लाकडाची सपाट फळी. दांडी मॅपल लाकडाची, धडाला सरस न लावता चार स्क्रूंनी आवळलेली. ती झिजली की काढून नवी बसवावी, अशी योजना होती. १९५० मध्ये निघालेले हे वाद्य १९५१ पासून टेलिकास्टर नावाने विकले गेले. १९५४ मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तीन पिकअप, वादकाच्या अंगाला टोचू नये म्हणून गोलाई दिलेले धड आणि तारांचा ताण क्षणभर कमीजास्त करणारी स्प्रिंगवरची घोडी, एवढी भर पडली. ॲश जड व रंगकामास त्रासदायक म्हणून १९५६ पासून बहुतेक वाद्यांसाठी आल्डर हे स्वस्त व सहज मिळणारे लाकूड घेण्यात आले. आज त्याच आल्डरच्या वजनावरून व रेषांवरून जाणकारांत वाद होतात.

मिशिगन राज्यातील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीची परंपरा वेगळी, व्हायोलिनच्या घडणीकडे झुकणारी होती. तिने १९५२ मध्ये लेस पॉल यांच्या नावाने काढलेल्या गिटारीचे धड महॉगनीचे व वरचा कमानदार थर मॅपलचा होता. दांडी धडात सांधा करून सरसाने चिकटविलेली असे. दांडीत पोलादी सळई बसवून तिचा बाक नियंत्रित करण्याच्या युक्तीचे एकस्वही याच कंपनीने १९२३ मध्ये मिळविले होते. १९५८ ते १९६० या तीन वर्षांत या घाटाला मध्ये पिवळा व कडेला तांबडा असा, सूर्यबिंबासारखा रंग देण्यात आला. अशी वाद्ये सु. १,५०० च निघाली. त्यांचा खप बेताचा होता व कंपनीने लवकरच तो घाट बंद केला. १९६६ च्या सुमारास एरिक क्लॅप्टन व इतर ब्रिटिश वादकांनी जुनी वाद्ये शोधून वापरल्यावर त्यांना मागणी आली. ती इतकी वाढली, की १९५९ चे एक अस्सल वाद्य आता लाखो डॉलरना विकले जाते.

या वाद्यांतील पुष्कळसे गुण योगायोगाचे होते. वरच्या तांबड्या रंगात वापरलेले रंगद्रव्य उन्हात टिकत नसे. त्यामुळे काही वाद्ये मधासारखी, काही चहासारखी, तर काही जवळजवळ पिवळी झाली. वेटोळी गुंडाळणाऱ्या यंत्रांची मोजणी काटेकोर नसल्याने एका पिकअपात फेरे कमी, दुसऱ्यात जास्त पडत, आणि चुंबकही हाताशी असेल त्या प्रतीचे बसविले जात. कारखान्याच्या दृष्टीने ही ढिलाईच होती. आजचा प्रतिकृतिकार एखाद्या विशिष्ट जुन्या वाद्यातील फेरे मोजून दोन वेटोळ्यांतील तीच तफावत मुद्दाम ठेवतो आणि उडालेला रंगही हिशेबाने उडवितो.

पुनर्निर्मिती : १९६५ च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या नभोवाणी व्यवसायातील मोठ्या कंपनीने १·३ कोटी डॉलरना विकत घेतली. १९७० नंतरच्या वाद्यांचे वजन, सांधे व रोगण यांबद्दल वादकांच्या तक्रारी वाढल्या, तसा जुन्या वाद्यांचा शोध सुरू झाला. याच काळात जपानी कारखान्यांनी अमेरिकन घाटांच्या हुबेहूब नकला काढल्या. गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये दांडीच्या शेंड्याच्या आकारावरून इबानेझ गिटारींच्या अमेरिकेतील वितरकाविरुद्ध दावा लावला. तो तडजोडीने मिटला. नकला इतक्या चांगल्या होत्या, की १९८२ मध्ये फेंडरने स्वतःच जपानमध्ये उत्पादन सुरू केले व त्याच वर्षी आपल्या १९५७ आणि १९६२ च्या घाटांची पुनर्निर्मिती अमेरिकेत बाजारात आणली. मागणीनुसार एकेक वाद्य घडविणारा तिचा खास विभाग १९८७ मध्ये सुरू झाला.

स्वतंत्र कारागिरांचे काम याच्या समांतर चालू होते. त्यांतील सर्वांत बोलके उदाहरण क्रिस डेरिग या कॅलिफोर्नियातील कारागिराचे आहे. त्याने १९५९ च्या लेस पॉल घाटावरून, दांडीवर गिब्सनचे नाव घालून काही वाद्ये बनविली. त्यांतील एक स्लॅश या वादकाच्या हाती आले व १९८७ मध्ये निघालेल्या गन्स अँड रोझेस या वृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत वाजले. डेरिग त्याच वर्षी वारला. ध्वनिमुद्रिकेच्या लाखो प्रती खपल्या, ते वाद्य प्रसिद्ध झाले आणि २०१० मध्ये खुद्द गिब्सन कंपनीने त्या नकलेची अधिकृत प्रतिकृती विक्रीस काढली. अस्सल कोणते, हा प्रश्न या क्षेत्रात किती गुंतागुंतीचा आहे ते यावरून दिसेल.

१९९५ पासून फेंडरच्या खास विभागाने नव्या वाद्याला जुनेपणा देण्याची प्रथा पाडली. पातळ नायट्रोसेल्युलोज रोगणाला थंडीत तडे पाडणे, धातूच्या भागांना आम्लाच्या वाफेने गंज चढविणे, वादकाचा हात जेथे टेकतो तेथील रंग खरवडणे, हे सारे त्यात येते. या सोपस्काराने स्वरात काही भर पडत नाही. दांडीची कडा मात्र झिजल्यासारखी गोल केली, तर हात सुखाने फिरतो, आणि एवढाच भाग वादकाच्या दृष्टीने उपयुक्त होय.

कायद्याच्या दृष्टीने निर्मात्याचे नाव व दांडीच्या शेंड्याचा आकार हे व्यापारचिन्ह म्हणून संरक्षित राहिले आहेत. धडाच्या आकाराबाबत निकाल निरनिराळे लागले. फेंडरच्या तीन धडाकृतींना व्यापारचिन्हाची नोंदणी देण्यास अमेरिकन व्यापारचिन्ह मंडळाने २००९ मध्ये नकार दिला. त्या आकृती इतकी वर्षे इतक्या निर्मात्यांनी वापरल्या, की त्या एका कंपनीच्या ओळखीच्या राहिल्या नाहीत, असे कारण देण्यात आले. यूरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये गिब्सनच्या बाणाकृती गिटारीबाबत असाच निर्णय दिला. भारतात अभिकल्प अधिनियम, २००० अन्वये आकाराला जास्तीत जास्त १५ वर्षे संरक्षण मिळते. त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीच्या घाटावर वाद्य घडविण्यास अडचण नाही. त्यावर परक्याचे नाव घालणे मात्र बेकायदा ठरते.

भारतातील स्थिती : भारतात विद्युत् गिटार प्रथम रुजली ती हवाई पद्धतीची, म्हणजे मांडीवर आडवी ठेवण्याची. तारेवरून कांडी घसरवून मींड काढता येते आणि भारतीय कानाला तीच हवी होती. उभ्या गिटारीच्या ठोकलेल्या पडद्यांवर ती साधणे अवघड असते. १९४० च्या दशकात कलकत्त्यात वास्तव्य असलेले हवाई बेटांतील टाउ मो व त्यांचे कुटुंबीय यांनी या शैलीच्या प्रसारास मोठा हातभार लावला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हजारासिंग व व्हॅन शिपले (१९२७–२००८) हे या वाद्याचे प्रमुख वादक होते. शिपले यांनी नेहमीच्या सहा तारांवर समाधान न मानता स्वतःच्या कल्पनेप्रमाणे आठ तारांची विद्युत् गिटार वापरात आणली. मागणीबरहुकूम घडविलेल्या वाद्याचे भारतातील हे एक आरंभीचे उदाहरण म्हणता येईल. चित्रपटगीतांच्या चाली गिटारीवर वाजविलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या.

उभी विद्युत् गिटार चित्रपटांत १९६० नंतर ठळकपणे ऐकू येऊ लागली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात पुढे गायक म्हणून नावाजलेले भूपिंदरसिंग (१९४०–२०२२) ही गिटार वाजवीत. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचू शकणाऱ्या गोमंतकीय वादकांचा या वाद्यवृंदांच्या उभारणीत मोठा वाटा होता. महाविद्यालयीन तरुणांचे बीट संगीताचे गटही याच सुमारास निघाले. १९७० व १९७१ मधील सिमला बीट स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. सार्वजनिक गणेशोत्सवात गावोगावी फिरणाऱ्या वाद्यवृंदांनी हे वाद्य लहान शहरांपर्यंत नेले. परंतु आयातीवरील निर्बंध व भारी जकात यांमुळे परदेशी गिटार सामान्य वादकाच्या आवाक्यात नव्हती. मुंबईत धोबीतलावच्या वाद्यविक्रेत्यांकडे कधीकाळी येणारे जुने वाद्य, परदेशी जाणाऱ्या खलाशाने आणून दिलेले वाद्य, नाही तर ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील छायाचित्र सुताराला दाखवून करवून घेतलेले वाद्य, एवढेच मार्ग होते. कलकत्त्यात गिटारी बनविण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला, त्यामागेही ही टंचाई होती. छायाचित्रावरून धडाचा घाट साधे, पडद्यांची अंतरे मात्र चुकत. अमेरिकेत ज्या काळात जुन्या घाटांची नक्कल हौसेने सुरू झाली, त्याच काळात येथे ती गरजेपोटी चालली होती. १९९१ नंतर आयात सुलभ झाल्यावर ही गरज संपली. आज मोठ्या शहरांत जे थोडे स्वतंत्र कारागीर विद्युत् गिटारी घडवितात, ते पुन्हा हौसेच्या व नेमक्या मागणीच्या बळावर.

अशा घडणीला महाराष्ट्रात जवळची परंपरा मिरज येथील तंतुवाद्यांची आहे. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब या शिकलगाराने सतारी बनविण्यास सुरुवात केली, असे मानतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यांचे हात संस्थानी काळात वाद्यांकडे वळले. पंढरपूर परिसरात पिकविलेले भोपळे व तून लाकूड वापरून तेथे आजही गायकाच्या पट्टीनुसार तंबोरा घडविला जातो, आणि घोडीवरची जवारी कानाने ऐकत कानशीने घासली जाते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अमेरिकन कारागिरांनाही जवारीचे आकर्षण वाटले होते. १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे वादक व्हिन्सेंट बेल यांच्या कल्पनेवरून निघालेल्या विद्युत् सतारीत सपाट व रुंद घोडी बसवून तोच झणत्कार गिटारीवर आणण्यात आला होता. मिरजेचा कारागीर गिटारीकडे मोठ्या प्रमाणात वळला नाही. तून हे महॉगनीच्याच कुलातील लाकूड असून हलके, कामास सोपे व वाद्यांच्या घडणीत रुळलेले आहे, हे ध्यानात घेता तसे होण्यास साहित्याची अडचण नव्हती.

लाकूड : लाकडाने विद्युत् गिटारीच्या स्वरात किती फरक पडतो, हा वादाचा विषय आहे. पिकअप फक्त तारेचे कंपन टिपते, लाकडाचे टिपत नाही. तथापि दांडी व घोडी यांचा ताठपणा आणि वजन यांवर तारेची ऊर्जा किती लवकर ओसरते हे अवलंबून असते, म्हणून परिणाम अगदी शून्य नसतो. तो पिकअप, तारा आणि विवर्धक यांच्या तुलनेने लहान आहे. विक्रेत्यांच्या पत्रकांत तो नेहमीच मोठा करून सांगितला जातो.

भारताचा या वाद्याशी असलेला सर्वांत जुना व्यापारी संबंध शिसवी लाकडाचा आहे. दांडीवरच्या पट्टीसाठी पूर्वी ब्राझीलमधील शिसवीच्या जातीचे लाकूड वापरीत. ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस दुर्मिळ झाले व १९९२ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद झाला. त्याची जागा मुख्यतः दक्षिण भारतातील शिसवीने घेतली. आज जुन्या अमेरिकन घाटाची म्हणून जी गिटार जगात कोठेही विकली जाते, तिच्या दांडीवर वादकाची बोटे पुष्कळदा भारतीय लाकडावर फिरत असतात. हा व्यापार एकदा मोठ्या वादात सापडला. भारतातून करवतलेले शिसवी लाकूड निर्यात करण्यास मनाई आहे, तयार वाद्यभाग मात्र पाठविता येतात. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या टेनेसी राज्यातील कारखान्यांवर छापे घालून भारतातून आलेल्या पट्ट्या जप्त केल्या. त्या पट्ट्या करवतलेले लाकूड समजावयाच्या की वाद्याचे भाग, हा मुद्दा होता. २०१२ मधील तडजोडीत कंपनीने मादागास्करहून आणलेल्या आबनूस लाकडाच्या प्रकरणी ३ लाख डॉलर दंड भरला. भारतीय लाकूड तिला परत मिळाले. २०१७ च्या प्रारंभी शिसवीच्या प्रजातीतील सर्व वृक्ष आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आले. तयार वाद्यांना त्यातून २०१९ च्या अखेरीस सूट देण्यात आली. मधल्या काळात एकेक वाद्य परदेशी पाठविणाऱ्या लहान कारागिरांना परवान्याचा खर्च परवडेनासा झाला होता.

ॲशची अवस्थाही अशीच झाली. त्या वृक्षांवर पडणारी पोखरकिडीची साथ आणि मिसिसिपी नदीचे लांबत गेलेले पूर यांमुळे फेंडरने २०२० मध्ये आपल्या नेहमीच्या उत्पादनातून ॲश काढून टाकले. जुन्या घाटाचा कारागीर आज जे लाकूड जगभर शोधतो, ते १९५० मध्ये फेंडर यांनी जवळच्या वखारीत मिळते म्हणून घेतले होते.

त्यांचा तोच न्याय विदर्भात लावला, तर निवड सागाची करावी लागेल. यवतमाळ जिल्ह्यातील शुष्क पानझडी वनांत साग हा प्रमुख वृक्ष असून पांढरकवडा–घाटंजी परिसरात व पैनगंगेच्या काठी उमरखेडकडे त्याची वने आहेत. ऐन, धावडा, तेंदू यांच्या सोबतीने तो वाढतो. साग ऋतुमानाने फारसा फुगत वा आकसत नाही, त्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि जुन्या वाड्यांच्या तुळया व दारे यांतून पन्नास-शंभर वर्षे मुरलेले लाकूड मिळू शकते. दांडीसाठी मुरलेल्या लाकडाइतके मोलाचे दुसरे काही नाही. ताजा साग तोडणे वेगळे : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग असल्याने स्वतःच्या शेतातील झाडही परवानगीवाचून पाडता येत नाही.

सागाच्या दोन अडचणी कारागिराला माहीत असाव्या लागतात. त्याच्या अंगच्या तेलामुळे सरस धरत नाही. म्हणून जोडावयाचा पृष्ठभाग स्पिरिटसारख्या विद्रावकाने पुसून लगेच चिकटवावा लागतो. त्याच्यातील सिलिकेमुळे रंध्याची पाती लवकर बोथट होतात. स्क्रूंनी आवळलेल्या दांडीचा फेंडर घाट सागाला अधिक सोयीचा ठरतो, तो यामुळेच. वजनाचाही विचार करावा लागतो. सागाची घनता आल्डरच्या सु. दीडपट असल्यामुळे त्याच मापाचे धड अर्ध्या किलोग्रॅमहून अधिक जड होते, आणि खांद्यावर पट्टा अडकवून दोन-तीन तास उभे राहणाऱ्या वादकाला ते जाणवते. यावर तोडगा जुन्या नमुन्यांतच आहे. हलके ॲश मिळेनासे झाल्यावर फेंडरने १९६८ मध्ये टेलिकास्टरचे धड आतून कोरून हलके केले होते. त्याप्रमाणे सागाच्या धडात घोडीखालचा मधला भाग भरीव ठेवून दोन्ही बाजूंना पोकळ्या कोरतात व वर पातळ फळी बसवितात.

विदर्भाच्या हवेचा परिणाम धडापेक्षा दांडीवर अधिक होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उष्णतेत शिसवी पट्टी आकसते व पडद्यांची टोके तिच्या कडेबाहेर येऊन बोटांना लागतात. पावसाळ्यात दांडीचा बाक बदलतो आणि आतली सळई पुन्हा आवळावी लागते. म्हणून पट्टीत पडदे ठोकण्यापूर्वी लाकूड निदान एक उन्हाळा व एक पावसाळा कर्मशाळेतच ठेवतात, आणि पडद्यांची टोके शेवटची कानस लावण्यासाठी उन्हाळ्याची वाट पाहतात.